पोट भरलं, की ताट संपलं?

आईच्या मांडणीवर दोन वाट्या शेजारी शेजारी असतात. एक तिच्या लग्नात आलेली, नाव घातलेली, काठ थोडा चेपलेला. दुसरी चार वर्षांपूर्वी घेतलेल्या डिनर सेटमधली, रुंद तोंडाची, चकचकीत. मागच्या दिवाळीत फराळाची तयारी करताना मापाचा कप हाती लागला, म्हणून मी दोन्ही वाट्या पाण्यानं मोजून बघितल्या. लग्नातल्या वाटीत काठोकाठ ११० मिलिलिटर पाणी मावलं. डिनर सेटमधल्या वाटीत २३०.

आईला मधुमेह आहे. दवाखान्यातून मिळालेल्या आहाराच्या कागदावर लिहिलं होतं : दुपारी एक वाटी भात, एक वाटी आमटी, दोन पोळ्या. वाटी केवढी, ते लिहिलेलं नव्हतं. आईनं तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि इमानेइतबारे पाळला. साखर मात्र खाली येत नव्हती. लपूनछपून गोड खातेस का, असंही आम्ही तिला विचारलं, आणि ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं. ती खरोखरच रोज एकच वाटी भात खात होती. फक्त त्या एका वाटीत आता पूर्वीच्या दोन वाट्या मावत होत्या.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. आपण काय खातो याची चर्चा घरोघरी चालते : मैदा वाईट, साखर वाईट, नाचणी चांगली. किती खातो, हे मात्र कुणी मोजत नाही. आणि ते 'किती' गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर हळूहळू फुगत गेलं आहे.

समोर जास्त आलं की जास्त जातं

आपली एक समजूत असते. भूक लागली की खातो, पोट भरलं की थांबतो. मग समोर कमी ठेवा नाहीतर जास्त, काय फरक पडतो?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांनी ५१ स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी दुपारच्या जेवणाला बोलावलं आणि दर वेळी तोच पदार्थ दिला, चीज घातलेली मॅकरोनी. माप तेवढं बदललं : कधी ५०० ग्रॅम, कधी ६२५, कधी ७५०, तर कधी पूर्ण १ किलो. हवं तेवढं खा, उरलं तर राहू दे, अशी मोकळीक होती. १ किलो समोर आली त्या दिवशी त्याच माणसांच्या पोटात ५०० ग्रॅमच्या दिवसापेक्षा ३० टक्के जास्त ऊर्जा गेली. बारीक असोत की जाड, पुरुष असोत की स्त्रिया, सगळ्यांचं तेच. जेवणानंतर पोट किती भरलं असं विचारलं, तर उत्तरं दर वेळी जवळपास सारखीच. आणि माप बदलतंय हे निम्म्याहून अधिक लोकांच्या लक्षातही आलं नाही. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला.

यावर कुणीही म्हणेल की एका जेवणात जास्त झालं तर पुढच्या जेवणात आपोआप कमी जाईल, शरीर सांभाळून घेईल. त्याच गटानं पुढे तेही बघितलं. लोकांना सलग ११ दिवस सगळं जेवणखाण नेहमीच्या दीडपट मापानं दिलं. रोज सरासरी ४२३ कॅलरी जास्त गेल्या, आणि अकराव्या दिवशीसुद्धा शरीरानं हिशेब जुळवायला घेतला नव्हता. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेतली किलोकॅलरी. मीही इथे बोलीतलाच अर्थ धरला आहे.)

असे प्रयोग पुष्कळ झाले. २०१५ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं ७२ अभ्यास एकत्र चाळले. पदार्थाचं माप, पाकीट किंवा भांडं मोठं असलं की माणसं जास्त खातात-पितात, हाच निष्कर्ष निघाला.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो मुलांवरच्या प्रयोगानं. ३ वर्षांच्या आणि ५ वर्षांच्या मुलांना कमी-जास्त मापाचं जेवण दिलं. ३ वर्षांची पोरं आपापल्या भुकेपुरतं खाऊन उठली. ५ वर्षांच्यांनी मात्र जास्त वाढलं तेव्हा जास्त खाल्लं. म्हणजे पोटाचं ऐकण्याची सवय आपण जन्माला येताना बरोबर आणतो, आणि शाळेत जायच्या आतच ती सुटायला लागते. 'एवढं संपव, मग खेळायला जा' हे वाक्य मी माझ्या मुलीला किती वेळा ऐकवलं असेल, याचा हिशेब मी करत नाही.

दोन पुडे मागायची लाज

मापं वाढली कशी, याची एक गोष्ट अमेरिकेतल्या खाद्यउद्योगाच्या इतिहासात नेहमी सांगतात. डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ १९६० च्या दशकात शिकागोकडच्या चित्रपटगृहांचा कारभार बघायचे. पॉपकॉर्नवर नफा भरपूर, पण एका माणसाला दुसरा पुडा काही केल्या विकला जाईना. त्यांनी प्रेक्षकांचं निरीक्षण केलं. लोकांना आणखी खायचं असायचं, पुडा तळापासून खरवडायचे, पण उठून दुसरा आणायची लाज वाटायची, कारण चारचौघांत अधाशी दिसू. मग त्यांनी एकच मोठा पुडा काढला. लोकांनी तो आनंदानं घेतला, कारण कितीही मोठा असला तरी तो 'एक'च होता. पुढे वॉलरस्टीन मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि फ्रेंच फ्राइजचं मोठं पाकीट काढा म्हणून मालकांच्या मागे लागले. १९७० च्या दशकात ते पाकीट आलं.

या गोष्टीत माणसाचं मन अचूक पकडलंय. आपण नग मोजतो. एक वडा, एक प्लेट, एक ग्लास, एक वाटी. नग तोच ठेवून आतला ऐवज वाढवला तर आपल्या हिशेबात काहीच बदलत नाही. आईची वाटी आणि शिकागोचा पुडा, दोन्हींत हेच घडलं.

विकणाऱ्यासाठी हा सौदा फार फायद्याचा. चित्रपटगृहातल्या पॉपकॉर्नच्या किमतीत मक्याचा खर्च अगदी थोडा असतो. खरा खर्च जागेचं भाडं, वीज, पगार आणि जाहिरात यांचा. तो छोट्या पुड्यालाही तेवढाच आणि मोठ्या टबलाही तेवढाच. त्यामुळे 'अजून साठ रुपये घाला आणि दुप्पट घ्या' असं ते सांगू शकतात. आपल्यालाही वाटतं, चला, फायदाच झाला.

शीतपेयांचं तेच झालं. कोकाकोलाची जुनी ओळखीची बाटली साडेसहा औंसांची, म्हणजे साधारण १९० मिलिलिटरची. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांत ३२ औंसांचा पेला आला, जवळपास १ लिटरचा. लिसा यंग आणि मॅरियन नेसल या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांनी बाजारातल्या पदार्थांची मापं तपासून २००२ साली मांडलं की १९७० च्या दशकात ही वाढ सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात तिनं वेग घेतला. तिथल्या लोकांची वजनं वाढली तीही साधारण याच काळात. निव्वळ मापांमुळेच हे झालं असं कुणी म्हणणार नाही. बैठी कामं आली, गाड्या आल्या, खाणं स्वस्त झालं. पण मापांचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरानं गोड पेयांच्या पेल्यावर १६ औंसांची, म्हणजे ४७० मिलिलिटरच्या आसपासची मर्यादा घालायचा प्रयत्न केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये तो नियम कायमचा बाद झाला.

पोट काही मोजमापाचं भांडं नाही

शरीर वेळेवर का सांगत नाही? सांगतं, पण उशिरा सांगतं आणि मोघम सांगतं.

जठर ताणलं गेलं की व्हेगस नावाची लांब मज्जातंतू मेंदूकडे निरोप नेते. अन्न आतड्यात उतरलं की आतड्याच्या भिंतीतून जीएलपी-१, पीवायवाय, सीसीके अशी संप्रेरकं सुटतात आणि तीही 'बास आता' असं कळवतात. उपाशीपोटी जठरातून सुटणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक त्यासोबत ओसरत जातं. हा निरोप नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. डबा दहा मिनिटांत उरकणाऱ्या माणसाचा निरोप पोचेपर्यंत डब्याला झाकण लागलेलं असतं.

दुसरं म्हणजे, जठराला आकारमान कळतं, कॅलरी फारशा कळत नाहीत. ११ ग्रॅम तेलात १०० कॅलरी असतात, म्हणजे दोन-अडीच छोटे चमचे. तेवढ्याच कॅलरीसाठी काकडी अर्ध्या किलोहून जास्त खावी लागेल. काकडीनं पोट तुडुंब होईल, तेलाचा पत्ताही लागणार नाही. प्यायलेली साखर तर आणखी फसवी. ६०० मिलिलिटरच्या कोला बाटलीत साधारण ६३ ग्रॅम साखर असते, बारा-तेरा छोटे चमचे. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमलं तर २५ वर आणावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या लहानपणी काचेची बाटली दुकानाच्या फळीपाशी उभं राहून प्यायची आणि तिथंच परत द्यायची. ती २०० मिलिलिटरची असली तर तिच्यात २१ ग्रॅम साखर असायची. आता झाकण फिरवायची बाटली गाडीत, ऑफिसात, पलंगाशेजारी येऊन बसते आणि कधी संपते ते कळत नाही.

आपल्याकडे हे कुठून शिरलं

अमेरिकेची गोष्ट उचलून जशीच्या तशी इथे लावता येणार नाही. आपल्याकडे काही मापं उलट लहान झाली आहेत. ५ रुपयांचा बिस्किटपुडा हातात घेऊन बघा : किंमत तीच ठेवण्यासाठी आतली बिस्किटं कमी होत गेली. टपरीवरचा चहाचा ग्लासही केव्हाचा 'कटिंग' झालाय. आपल्याकडे वाढ आली ती दुसऱ्या वाटांनी : लग्नातल्या बुफेतून, 'कॉम्बो' आणि 'फॅमिली पॅक'मधून, मोबाईलवरून मागवताना डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून जोडलेल्या आणखी एका पदार्थातून. आणि सगळ्यात जास्त, असं मला वाटतं, आपल्याच ओट्यावरून.

मी घरी स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा आणला आणि पोळीचे उंडे तोलले. आईचा उंडा ३४ ग्रॅम. माझा ५२. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींचा ६१. मावशींना चार घरं करायची असतात. उंडा मोठा घेतला की पोळ्या कमी लाटाव्या लागतात, त्यांचं अगदी बरोबर आहे. पण आईच्या एका पोळीत साधारण ७० कॅलरी आणि मावशींच्या पोळीत १२५ च्या आसपास, तेही घडीत घातलेलं तेल सोडून. चार पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या पोटात रोज दोनशेहून जास्त कॅलरी वाढल्या, आणि विचारलं तर तो शपथेवर सांगेल की मी वर्षानुवर्षं चारच पोळ्या खातो.

तेलाचंही तसंच. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं काढली. त्यांत २००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप-लोणी सगळं मिळून २७ ग्रॅम धरलंय. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याचा हिशेब करा : सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर, आणि त्यात तूपही आलं. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाअखेर रिकामा व्हायचा, तूप वेगळं. कुणी तळणाचा सपाटा लावला नव्हता. फोडणीला किटली तिरपी करायची आणि डोळ्याला बरं वाटेपर्यंत धार सोडायची, एवढंच.

त्याच सूत्रांत दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम आहेत आणि सगळी धान्यं मिळून कच्च्या वजनानं २५० ग्रॅम. डाळी, अंडी, मासे-मटण ८५ ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम. भाजी धान्यापेक्षा जड आहे, हे बघून मी थबकलेच. आपल्या ताटात पोळीला लावून खाण्यापुरती भाजी असते आणि भाताचा डोंगर असतो.

पूर्वीचं ताट आठवतंय? डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी; मधे वरणभाताची मूद. मूद म्हणजे छोट्या वाटीत दाबून पालथा घातलेला भात, त्यावर वरण आणि तुपाची धार. मूद हे मापच होतं. वाढणाऱ्याच्या हातात वाटी असायची, त्यामुळे भात किती जाणार ते स्वयंपाकघरातच ठरायचं. आयुर्वेदातही चरकसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहाराच्या मात्रेवर, म्हणजे 'किती'वर, स्वतंत्र अध्याय आहेत. पोटाचे दोन भाग अन्नानं भरावेत, एक पाण्यानं, आणि चौथा रिकामा ठेवावा, असं वाग्भटानं सांगितलंय.

म्हणून जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. पंगतीत आग्रह असायचा, जिलब्यांच्या पैजा लागायच्या, ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढलं जायचं. पण ती पंगत वर्षातून चार वेळा उठायची आणि जेवणारा दुसऱ्या दिवशी शेतावर नांगर धरायचा किंवा चार मैल चालायचा. आता बुफे महिन्यातून दोनदा असतो आणि दुसऱ्या दिवशी आपण खुर्चीत बसतो.

रोजच्या १०० कॅलरी

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो. त्या हिशेबानं रोज १०० कॅलरी जास्त खाणाऱ्याचं वजन वर्षाला पावणेपाच किलोनं वाढेल आणि दहा वर्षांत ४७ किलोनं. असं होताना दिसत नाही. कारण वजन वाढलं की शरीराचा रोजचा खर्चही वाढतो. मोठं घर चालवायला जास्त लागतं तसं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचं गणित मांडलं. त्यानुसार रोजच्या १०० जादा कॅलरींनी वजन साधारण ४ किलो वाढतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, बाकीचं पुढच्या दोनेक वर्षांत, आणि मग काटा तिथंच स्थिर होतो.

या गणितात एक दिलासा आहे आणि एक धोका. दिलासा हा की रोजच्या १०० कॅलरी कमी झाल्या तर तेवढंच वजन तितक्याच सावकाश खाली येतं. महिन्याभरात काटा हलला नाही म्हणून हताश व्हायचं कारण नाही. धोका हा की माप एका पायरीवर थांबत नाही. आज वाटी मोठी झाली, दोन वर्षांनी उंडा वाढला, मग पेला. प्रत्येक पायरीला तीन-चार किलो.

आणि आपल्या शरीराला ते तीन-चार किलो जास्त महागात पडतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर उभं आयुष्य काम केलंय. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपलाच एक फोटो छापला. दोघांची उंची आणि वजन यांचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा : २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीदार; 'थिन-फॅट' भारतीय ही कल्पना त्यातून जगभर पोचली. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवर त्यांनी केलेल्या अभ्यासात हे जन्मापासूनच दिसलं. बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोनं कमी. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली.

स्नायू कमी असले की जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायला जागाच कमी. २३० मिलिलिटरच्या वाटीतला भात एकदम येतो तेव्हा स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं, वर्षानुवर्षं सोडावं लागतं, आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन पोटात, यकृतात जाऊन बसते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि दर १०० प्रौढांतल्या जवळपास ४० जणांचं पोट सुटलेलं आहे. मापाबरोबर मीठही वाढतं, हेही लक्षात ठेवा; दुप्पट आमटीत दुप्पट मीठ असतं आणि रक्तदाबाला ते कळतं.

उरलंसुरलं कुणाच्या पोटात जातं

आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. ताटात वाढून घ्यायची तेव्हा कमीच घ्यायची. पण त्याआधी ओट्याशी उभ्या उभ्या तिचं एक जेवण होऊन गेलेलं असायचं : भावानं टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, 'एवढ्याशासाठी कुठं फ्रिजमध्ये ठेवू' म्हणून संपवलेली उसळ. अन्न टाकायचं नाही हा संस्कार मला मोलाचा वाटतो. ज्यांच्या घरात अन्न कधीकाळी कमी होतं, त्यांना तो सांगावा लागत नाही. पण भूक नसताना पोटात ढकललेलं अन्न वाचलेलं नसतं. ते वाचवायचं असेल तर कुकर लावतानाच तांदूळ कमी घ्यावा लागतो, आणि उरलेला भात सकाळी फोडणीला जाईल हे मान्य करावं लागतं.

एका प्रयोगात मुलांना मोठं माप वाढलं तेव्हापेक्षा त्यांनी स्वतःच्या हातानं वाढून घेतलं तेव्हा मुख्य पदार्थ चतुर्थांशानं कमी खाल्ला गेला. आमच्याकडे मुलगी आता स्वतः वाढून घेते. पहिले चार दिवस सांडासांड झाली.

इथे एक सांगायला हवं. लहान ताट घ्या म्हणजे आपोआप कमी खाल्लं जाईल, असा सल्ला फार फिरतो. त्यामागचं बरंच गाजलेलं संशोधन अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेतून आलं होतं. २०१८ मध्ये विद्यापीठानं त्या प्राध्यापकाला संशोधनातल्या गैरप्रकारांबद्दल दोषी ठरवलं आणि त्याचे डझनाहून अधिक निबंध मागे घेतले गेले. ताटाच्या आकारावर फार विसंबू नका. ताटात पडणारं अन्न किती, ते बघा. पाकिटावर 'पर सर्व्ह' असा शब्द दिसला तर ते सर्व्हिंग किती ग्रॅमचं आणि आख्खं पाकीट किती ग्रॅमचं, हेही बघा. बहुतेक वेळा एका पाकिटात दोन-तीन सर्व्हिंग असतात आणि पाकीट एकाच बैठकीत संपतं.

सगळंच कमी करायचं नाही, ही या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. रोल्स यांच्याच गटानं जेवणाच्या सुरुवातीला मोठं बाऊल भरून सॅलड दिलं, हलकं, फार तेल-चीज नसलेलं. एकूण जेवणात १२ टक्के कॅलरी कमी गेल्या. तेच सॅलड चीज आणि घट्ट ड्रेसिंग घालून दिलं तेव्हा उलट वाढल्या. मोठ्या मापाची ओढ ज्या मनाला आहे, त्याच मनाला काकडी-टोमॅटोची मोठी वाटी दिली तर ते तीही संपवतं.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र हा लेख वाचून एकदम भात अर्ध्यावर आणू नये. औषधाचा डोस तेवढाच आणि जेवण निम्मं, असं झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना वाटीचं खरं माप सांगा, दाखवा, आणि मग दोघं मिळून ठरवा. वाढत्या वयाची मुलं, गरोदर बायका, वजन उतरत चाललेले म्हातारे यांच्या ताटातून काही काढायचं नाही.

आईच्या डॉक्टरांना आम्ही दोन्ही वाट्या नेऊन दाखवल्या. त्यांनी हातात घेऊन बघितल्या आणि कागदावर 'वाटी' पुढे कंसात '११०' लिहिलं. तिची साखर आता बरी आहे. औषधही बदललं, संध्याकाळचं चालणंही सुरू झालं, तेव्हा एकट्या वाटीला श्रेय देता येणार नाही. लग्नातली ती चेपलेली वाटी आता भाताच्या पातेल्यातच असते. तिनंच मूद पडते. डिनर सेटमधल्या वाट्या आम्ही काढून टाकल्या नाहीत, त्यांत कोशिंबीर वाढतो. आई अजून रोज म्हणते, "एवढी कोशिंबीर कोण खाणार?" आणि बोलता बोलता वाटी रिकामी करते.